तिमली

आई आणि आत्या यांच्या मधे गोंड्यांचा ढीग असायचा. गर्द गुलाबी, पिवळे, पोपटी – बैलांच्या कपाळाला अन् शिंगांना बांधायचे लोकरीचे गोंडे. ढिगाच्या अलीकडे आई, पलीकडे आत्या, दोघींच्या दातांत धाग्याची टोकं, बोटांच्या पेरांवर न जाणारा रंग, आणि मागच्या अंगणात कलत्या दुपारचं ते हिवाळी ऊन, ज्याला लोकरीचा किंचित ओलसर वास यायचा... माना खाली, हात चालू, आणि त्या चालत्या हातांच्या लयीत दोघी एकमेकींशी अखंड बोलत राहायच्या. मी चौकटीला टेकून ऐकत असायचे. त्या काय बोलतात, त्यातलं मला अक्षर कळायचं नाही.

उदगीरला आमचं दुकान होतं – दोरखंड, कासरे, दावी, म्होरक्या, घागरमाळा. पुढं दुकान, मागं घर. अंबाडीच्या दोराचा करकरीत, गवताळ वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, शाळेच्या दप्तरालासुद्धा असायचा. दुकानात अण्णा, म्हणजे माझे वडील. गल्ल्यामागच्या तक्क्याला टेकून कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले आप्पा, म्हणजे आजोबा. आणि मागं या दोघी. माझी आई, आणि आप्पांची धाकटी लेक – माझी नंदाआत्या. आत्या तिच्या सासरी, धर्माबादला असायची. त्या वर्षी मात्र दसऱ्याला आली ती राहिलीच. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी तिची पिशवी खुंटीवरच होती. ‘माहेरपणाला आलीय’ असं आल्यागेल्याला सांगितलं जायचं, आणि इतकं लांबलेलं माहेरपण मी कुणाचंच पाहिलं नव्हतं.

मी मुळातली संशयी. दुकानात एखाद्यानं घासाघीस न करता कासरा घेतला, तर याचा बैल नक्की चोरीचा असणार, असं मला वाटायचं. आणि इथं तर माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत, मला कळू नये अशा भाषेत काहीतरी शिजत होतं! आईचं माहेर भालकीकडचं, तेव्हा हे कानडी असावं, अशी माझी पहिली समजूत. पण भालकीचंच एक गिऱ्हाईक दावी घ्यायला आलं, तेव्हा मी त्याला हळूच विचारलं की किल्लम म्हणजे काय. त्यानं विचार केला, डोकं हलवलं, आणि असं काही आमच्याकडं कुणी बोलत नाही म्हणाला. ही कानडी नव्हती, तेलुगू नव्हती, आप्पा कधीमधी बोलत ती उर्दूही नव्हती. ही भाषा जगात फक्त आमच्या मागच्या अंगणात बोलली जात होती. हे कळल्यावर माझा संशय आणखीच वाढला.

मग मी ती शिकायचं ठरवलं. वही केली नाही – वही सापडली असती. नुसते कान उघडे ठेवले. पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की शब्द परके असले तरी त्यांच्या शेपट्या आमच्याच होत्या. ‘किल्लम झालं का?’ ‘किल्लमाला ठेवते.’ झालं, ठेवते, शेवटचा ‘ला’ – सगळं मराठी. मधेच एखादा खडा. खडे वेचायचे आणि आजूबाजूला काय होतंय ते बघायचं, एवढंच काम. किल्लम म्हटलं की थोड्या वेळानं स्टोव्हचा फरफर आवाज यायचा, आल्याचा वास यायचा – तेव्हा किल्लम म्हणजे चहा. दुकान आणि घर यांच्यामधल्या बोळात आप्पांची काठी वाजली की आत्या न बघता पुटपुटायची, ‘गुड्डम’, आणि दोघी मराठीत भाजीपाल्याचं बोलू लागायच्या. काठीचा आवाज लांब गेला की आई म्हणायची, ‘गुड्डम नुटले.’ म्हणजे गुड्डम हे आप्पा, आणि नुटणं म्हणजे जाणं. शाळेत व्याकरणाच्या तासाला झोपणारी मी, घरी धातू आणि प्रत्यय वेगळे काढत होते. कधी चुकायचे. ‘लोंदी’ म्हणजे लसूण असं धरून मी कितीतरी दिवस बसले होते, आणि नंतर कळलं की लोंदी म्हणजे कोपऱ्यावरच्या एक बाई, ज्या लसूण मागायला येत.

एक शब्द मात्र रोज यायचा आणि त्याच्याजवळ कुठली वस्तू सापडायची नाही. तिमली. तो उच्चारताना आईचा आवाज उतरायचा, कधी आत्याच्या हातातला गोंडा थांबायचा. ‘तिमलीचं काय’, ‘तिमली जेवली न्हाई नीट’, ‘तिमलीला कळंल तेव्हा कळंल’. घरात ज्याच्याबद्दल इतक्या काळजीनं बोलावं असं माणूस कोण? मी आजूबाजूला बघितलं. मीच होते. त्या दिवसांत मी नीट जेवतही नव्हते – या भाषेच्या विचारानंच. सगळं जुळत होतं. तिमली म्हणजे मी.

शिवाय, मी अंगणात पाऊल टाकलं की आत्या बहुतेक वेळा म्हणायची, ‘चिल्लर हाय.’ पण ते मी सोडून दिलं होतं. दुकानात सुट्ट्या नाण्यांचा खोळंबा रोजचाच, अण्णा तासातासाला आत हाक मारून चिल्लर आहे का विचारायचे. त्या साध्या मराठी शब्दाकडं मी ढुंकूनही पाहिलं नाही.

मार्गशीर्ष सरत आला, आणि गोंड्यांचा ढीग वाढत चालला. माळेगावच्या जत्रेला अण्णा दरवर्षी माल घेऊन जात. त्याची ती घाई. त्याच सुमारास आमची येळवस असते – वेळा अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं. आमचंही गावाबाहेर थोडं रान होतं. आणि आता अंगणातल्या बोलण्यात येळवस पुन्हापुन्हा येऊ लागली. एका दुपारी मी चौकटीमागं उभी असताना आई म्हणाली ते मला लख्ख समजलं, आणि समजलं म्हणूनच पायांखालची जमीन हलली. ‘येळवशीला ओटी भरायची. तिमली नुटणार.’

ओटी हा शब्द मला फार चांगला ठाऊक होता. आमच्या शेजारची मंगल, माझ्याच वर्गातली, आदल्या वर्षी तिच्या मूल नसलेल्या मावशीच्या ओटीत घातली होती. ओटीत घातली, म्हणजे देऊन टाकली. सुट्टीत ती आली तेव्हा स्वतःच्या आईला मावशी म्हणत होती, आणि पाणी प्यायलासुद्धा विचारत होती. माझ्या आत्यालाही मूल नव्हतं. ती इतके दिवस का राहिली, धर्माबादेहून निरोप का येताहेत, आप्पा माझ्याकडं बघून उसासा का टाकतात – सगळ्या कोड्यांचं उत्तर एका फटक्यात मिळालं. आत्या मला न्यायला आली होती.

त्यानंतरचे दिवस मी घरात चोरासारखे काढले. प्रत्येक गोष्ट पुरावा होती. आईनं पत्र्याची नवी पेटी आणली, निळी, झाकणावर कमळ – माझ्यासाठी. शेंगाची चटणी कुटून डब्यात घट्ट भरली – माझ्यासाठी. खणाचा एक तुकडा, हिरवा, लाल काठाचा, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवला... आई माझ्या वेण्या घालताना नेहमीपेक्षा हळू हात फिरवते, असं वाटायचं, आणि मग त्या हाताचाच राग यायचा. आत्या मला शेंगा सोलून द्यायला लागली तर मी उठून जायचे. हिच्या हातचं खाल्लं की आपण हिचे झालो, अशी काहीतरी माझी भीती. ती नुसती बघत राहायची. तिची एक सवय मला तेव्हाही विचित्र वाटली होती – स्वयंपाकघरात पातेलं किंवा झाकण पडलं की ती आधी दोन्ही हात डोक्यावर घ्यायची, मग वाकून भांडं उचलायची. भांडं पडलं तर डोकं का झाकावं? त्या प्रश्नाला मी कुठलाही अर्थ जोडला नाही. सगळा संशय मी स्वतःवरच खर्च केला होता.

येळवस आली. अण्णा माळेगावला गेलेले. बैलगाडीत दुरड्या, आंबिलीची मडकी, आणि – ती निळी पेटी. रानात ज्वारी पुरुषभर वाढलेली, हरभऱ्याचे घाटे आंबट खारे, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव होऊन बसलेले. कोपीभोवती आंबील शिंपडत आप्पा येळवशीची ती ओळ म्हणू लागले, जी पिढ्यान् पिढ्या सगळे म्हणतात आणि जिचा अर्थ त्या रानात कुणालाही सांगता आला नसता. तिचा कुणाला संशय येत नाही! मला तेव्हाही ते गमतीचं वाटलं होतं – पण हसण्याच्या अवस्थेत मी नव्हते. कारण बांधावर एक जीप येऊन थांबली होती. धर्माबादेहून आत्याचे सासरे आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आत्याचे यजमान, जेवायला आले होते.

भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. पाव्हण्यांनी आग्रहानं खाल्लं, आप्पांनी आग्रहानं वाढायला लावलं. आत्या कोपीच्या मागं, हरभऱ्याचा टहाळा हातात धरून, एकही घाटा न सोलता बसली होती. जेवणं झाली. सासरे हात पुसत म्हणाले की उजेडात निघालेलं बरं, मिरचीचा हंगाम हाय, घरी बाईमाणूस लागतं. आप्पांनी मान हलवली. आईनं निळी पेटी उघडली. खण काढला, नारळ काढला, सुपात तांदूळ घेतले. आत्या उठून आली. तिनं पदर पसरला. आणि आईची तांदळाची पहिली ओंजळ पदरात पडली. आता दुसरी ओंजळ, मग नारळ... आणि मग मी.

मी उभी राहिले. मराठीत ओरडले असते, तर मला गप्प बसवलं असतं. मला वाटलं, त्यांच्याच भाषेत सांगावं – म्हणजे त्यांना कळेल की मला सगळं माहीत आहे.

‘तिमली नुटणार न्हाई.’

आईच्या ओंजळीतले तांदूळ बोटांतून गळत गळत मातीत गेले. आत्यानं पदर तसाच धरून माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी आणखी मोठ्यानं तेच पुन्हा म्हटलं.

‘काय म्हणून राहिली ही पोरगी?’ आप्पांनी विचारलं.

आत्याचे सासरे संशयानं एकेकाकडं पाहू लागले. आमच्यात बसलेल्या या माणसाला पहिल्यांदाच माझ्यासारखं वाटत होतं.

आई आप्पांना मामा म्हणायची – म्हणजे म्हटलं असतं तर मामाच म्हटलं असतं. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी समोरासमोर कधी बोललीच नव्हती. ताट सरकवायची, पाणी ठेवायची, दाराआड उभी राहायची. त्या दिवशी तिनं पदर डोक्यावर नीट ओढला आणि तांदळाचं सूप खाली ठेवलं.

‘मामा, ती म्हणून राहिली, नंदाबाई जाणार न्हाईत.’

मी चकित होऊन आईकडं पाहिलं. मी तसं म्हटलंच नव्हतं! पण आई माझ्याकडं बघत नव्हती. आप्पांनी विचारलं, ही कुठली बोली. आई म्हणाली, आमची. आप्पांनी विचारलं, कधीपासून बोलता. आई म्हणाली, मी आले तेव्हापासून. आणि मग आप्पांनी जे विचारलं, त्यात राग नव्हता; इतक्या वर्षांनीसुद्धा तो आवाज आठवला की मला त्यांची कीव येते.

‘मला कळू नये म्हणून?’

आप्पांनी काठी उचलली, पुन्हा खाली ठेवली, मग लेकीकडं बघितलं – मला वाटतं, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच नीट बघितलं – आणि विचारलं, ‘नंदा, तुलाबी जायचं न्हाई?’

‘न्हाई आप्पा,’ आत्या म्हणाली. ‘मला लई भ्या वाटतं तिथं.’

एवढंच. हे साधं मराठी वाक्य त्या घरात इतके महिने कुणाला बोलता आलं नव्हतं. आत्याचे यजमान ताडकन उठले, तसे आत्याचे दोन्ही हात डोक्यावर गेले. काहीच पडलं नव्हतं. भांडं नाही, झाकण नाही. आप्पांनी ते पाहिलं. मग ते पाव्हण्यांना म्हणाले की भज्जी बांधून देतो, जपून जावा, लेक आमच्याकडं राहील. वाद झाला, जीपचं दार आपटलं, धूळ उठली, आणि ती धूळ ज्वारीवर बसेपर्यंत आम्ही सगळे कोपीपाशी उभे होतो.

परतताना गाडीत मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला देऊन टाकणार नव्हते. एवढं समजलं होतं, बाकी काही समजलं नव्हतं. मी म्हटलं, मग मी तिमली न्हाई? आत्या रडता रडता हसू लागली. तिमली ती स्वतः होती. आई नवरी होऊन आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. घरातली आठ-नऊ वर्षांची नणंद म्हणजे ‘चिमुकली’, असं कुणीसं सांगितलं, ते आईनं ‘तिमली’ ऐकलं आणि तशीच हाक मारली. सगळं घर हसलं. आईनं मग बरेच दिवस तोंडच उघडलं नाही. तेव्हा त्या पोरीनं ठरवलं की आपणही वैनीसारखंच चुकीचं बोलायचं. आईची एकेक चूक तिनं उचलली, जपली, आणखी दहा स्वतःच्या घातल्या... आणि दोघींची एक बोली झाली. जिला घर हसलं होतं, तिच्यात आता घराला प्रवेश नव्हता.

‘मग मी कोण?’ मी विचारलं.

‘तू चिल्लर,’ आत्या म्हणाली.

माझा तो अपमान अजून गेलेला नाही. इतकी काळजी, इतका उतरलेला आवाज, ते जेवली-न-जेवलीचं कौतुक – सगळं दुसरीचं. आणि माझ्या वाट्याला, पोर ऐकतंय, बोलणं आवरा, असा इशारा तेवढा! आणि वर, दुसऱ्या दिवसापासून दोघींनी शब्द बदलले. आता घरात हेर आहे म्हटल्यावर त्या करणार काय? नुटणं गेलं, गुड्डम गेलं, किल्लमसुद्धा गेलं. मी पुन्हा चौकटीशी, पुन्हा कान टवकारून. पण ती नवी भाषा मला शेवटपर्यंत नीट आली नाही. एक शब्द तर फारच छळायचा – ओलमं. दिवस सरताना गोंडे आवरले, की एक तो म्हणायची आणि दुसरी नुसती मान हलवायची. ना चहाचा वास, ना काठीचा आवाज... तर्क करायला कुठं काही पुरावाच नसायचा. आप्पांना मात्र त्या भाषेचं वावडं राहिलं नाही. बोळातून येताना ते आता लांबूनच दोनदा खाकरायचे आणि क्षणभर थांबायचे. दोघींचं बोलणं पुरं व्हावं म्हणून.

आत्या राहिली. गोंड्यांचं सगळं काम पुढं तिच्या हातात आलं. नंतर बैल कमी झाले, गोंडे ट्रॅक्टरच्या आरशाला लागू लागले, मग नव्या मोटारसायकलींना. आप्पा गेले, अण्णा गेले. मी नांदेडला आले, नोकरी, संसार इथंच झाला. दोघी म्हाताऱ्या उदगीरच्या त्या घरात मागच्या अंगणात बसून राहिल्या, आणि मी सुट्टीला गेले की आवाज ऐकून आधी चौकटीशी थांबायचे. आतून आत्या म्हणायची, ‘चिल्लर हाय.’ तो एक शब्द त्यांनी कधी बदलला नाही.

गेल्या हिवाळ्यात आईचा फोन आला. मागं पुष्कळ माणसांचा आवाज होता, कुणी भांडी सरकवत होतं. आई म्हणाली, ‘तिमली नुटली.’ जुने शब्द – फेकून दिलेले, माझ्या वाट्याचे. इतक्या माणसांत तिला ते मराठीत म्हणवलं नसावं. आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की ती माझ्याबद्दलच बोलते आहे.

मी गेले. सगळं आटोपलं, पाव्हणे पांगले. शेवटच्या दुपारी अंगणात आईजवळ बसले होते. मधे ढीग नव्हता, नुसती फरशी. मी धीर करून विचारलं की आता तरी सांग, ओलमं म्हणजे काय. आईनं माझ्याकडं संशयानं पाहिलं – हो, संशयानंच, ते माझ्याकडं तिच्याकडूनच आलं असणार – आणि म्हणाली, ‘ते तुझं न्हाई.’

मी पुढं विचारलं नाही. पिशवी उचलली, चपला घातल्या. आई दारापर्यंत आली. शेजारच्या दोन बाया कट्ट्यावर बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोरच ती मागून म्हणाली, ‘पोचलीस की फोन कर, तिमली.’

मी मागं वळून बघितलं, ती कुणाला म्हणते आहे ते. त्या दोन बाया सोडल्या, तर माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.